मशीन आधी की पॅड आधी? धायरीतील एका डिटेलिंग दुकानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंहगड रस्ता सोडून धायरीकडे आत वळले की पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी गाड्यांची बरीच लहान दुकाने दिसतात. हे प्रकरण त्यांपैकीच एका डिटेलिंगच्या, म्हणजे गाड्यांचा रंग साफ करून चमकवण्याच्या, दुकानाचे आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. दुकानाचे मालक तिशीतले असून डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये सात वर्षे काढल्यावर त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला होता. हाताखाली १९ वर्षांचा एक मुलगा होता. शेडमध्ये एका वेळी दोन गाड्या कशाबशा मावत. मी स्वतः वाहन कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये नोकरी केलेली असल्यामुळे रंगाच्या तक्रारी घेऊन काही दुकानदार माझ्याकडे येतात, तसे हे मालकही एका ओळखीच्या माणसाबरोबर आले होते.

त्यांच्याकडे पॉलिशिंगसाठी एकच यंत्र होते, ते म्हणजे गॅरेजमधल्या दिवसांपासून हाताशी असलेले रोटरी पॉलिशर. त्यावर एक लोकरी पॅड आणि एक जाड फोम पॅड आलटून पालटून चढवले जाई. हात चांगला बसलेला होता. रंगकामानंतर पाणपेपरने घासलेला पत्रा चमकवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि आपली कला यातच आहे, अशी त्यांची रास्त समजूत होती.

तक्रार

कोथरूडच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली काळी सेडान पॉलिशसाठी दिली. संध्याकाळी शेडमधल्या ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसत होती आणि ते खुशीत घेऊन गेले. दोन दिवसांनी घरी गाडी धुतल्यावर ती भर दुपारी पुन्हा दुकानासमोर उभी राहिली. बॉनेटवर आणि दारांवर उन्हात लांबच लांब, वळणदार, सरकत जाणाऱ्या छटा दिसत होत्या. गृहस्थ आवाज न चढवता म्हणाले, "मी गाडी चमकवायला दिली होती, तिच्यावर रांगोळी काढायला नाही."

या रांगोळीला आपल्या व्यवसायात होलोग्राम म्हणतात. रोटरी यंत्राचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते, त्यामुळे त्याने पाडलेले सूक्ष्म ओरखडे एका दिशेने, ओळीने पडतात आणि प्रकाश सरकला की त्यांची छटाही सरकते. रोज कोरड्या फडक्याने पुसून पडणारे स्वर्ल वेगळे असतात. ते खरे तर सर्व दिशांनी पडलेले सरळ ओरखडे असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच उजळतात, म्हणून कोळ्याच्या गोल जाळ्यासारखा भास होतो. पुण्यात या दुसऱ्या प्रकाराला तोटा नाही. बांधकामांची बारीक धूळ गाडीवर रात्रभर बसते आणि सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत दहा गाड्या उरकतो. तीच धूळ फडक्याबरोबर क्लिअर कोटवरून, म्हणजे रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरावरून, फिरते.

मग हे दोष पहिल्या संध्याकाळी कोणालाच का दिसले नाहीत? याची दोन कारणे होती. ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट असतो आणि त्यात सूक्ष्म ओरखडे लपतात. ते उन्हात किंवा एका बिंदूतून येणाऱ्या दिव्यातच उमटतात. शिवाय कंपाउंडमधले, म्हणजे रंग घासण्याच्या पेस्टमधले, तेल ओरखड्यांत भरून बसते आणि पहिल्या एक-दोन धुण्यांत निघून जाते. म्हणजे गाडी देताना जी चमक दिसत होती तिचा काही भाग केवळ तेलाचा होता.

मालकांचे निदान असे होते की यंत्र जुने झाले आहे, तेव्हा नवे घ्यावे. त्यासाठी त्यांनी ५०,००० रुपये बाजूला काढले होते आणि त्यांची नजर २१ मिमी थ्रो (पॅड घुमण्याच्या वर्तुळाचा व्यास) असलेल्या मोठ्या ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरवर होती. "काका, मोठं मशीन घेतलं तर दिवसाला दोन गाड्या निघतील," हे त्यांचे गणित होते. सगळी रक्कम यंत्रावर घालून पॅड पुढे हळूहळू घेऊ, असा विचार होता.

आधी मोजणी

खरेदीची चर्चा मी तेथेच थांबवली आणि दोन गोष्टी मोजायला सांगितल्या. पहिली गोष्ट दुकानाच्या नोंदवहीत होती. मागच्या ४० गाड्या कोणत्या आल्या हे आम्ही चहा पिता पिता मोजले, तेव्हा २६ हॅचबॅक, ९ छोट्या एसयूव्ही आणि ५ सेडान निघाल्या. याचा अर्थ असा की बहुतेक कामे काचांमधले अरुंद खांब, खोल मुरडी असलेली दारे, वळलेले फेंडर आणि लहान डिक्या यांवर होणार होती. मोठी सपाट बॉनेटे आणि लांब छते हा त्यांच्या धंद्याचा लहान भाग होता.

दुसरी मोजणी रंगाच्या जाडीची होती. कारखान्यातून आलेल्या लहान गाड्यांवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन भरतात आणि त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर आपण अर्ध्या केसाएवढ्या थरावर काम करतो हे ध्यानात येते. जोरकस कटिंगच्या, म्हणजे ओरखडे काढण्यासाठी वरचा थर घासण्याच्या, एका फेरीत त्यातले २-३ मायक्रॉन सहज जातात. साधा जाडीमापक पत्र्यावरील सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतो. क्लिअर कोट किती उरला हे तो वेगळे सांगत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. ही मर्यादा मी तेव्हा मालकांना सांगितली होती. ती पुढे पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही, त्याबद्दल खाली लिहिले आहे.

काळ्या सेडानवर मापक लावला. छतावर आणि दारांवर ११० च्या आसपास आकडे आले. डाव्या मागच्या दारावर २६० आला, म्हणजे ते दार गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेले होते. बॉनेटच्या पुढच्या कडेला मात्र ७४ आला. रोटरीचा दाब कडेवर सर्वांत जास्त पडतो आणि तेथेच रंग सर्वांत पातळ असतो, ही गोष्ट मालकांना तोंडी माहीत होती. स्वतःच्या हातच्या कामावर तो आकडा पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय जवळपास फुकटचा होता: आहे ते रोटरी ठेवायचे आणि मऊ फोम पॅड घेऊन शेवटचा हात कमी वेगाने फिरवायचा. अनुभवी माणूस रोटरीनेही होलोग्राम न उठवता काम पुरे करू शकतो, हे मान्य करायला हवे. पण १९ वर्षांच्या मुलाच्या हाती ते यंत्र देता येणार नव्हते, आणि दुकान दोघांनी चालवायचे होते. रोटरी एका जागी क्षणभर जास्त टेकले तर उष्णता तेथेच साठते. पॅड फिरायचे थांबत नाही, रंग आधी हार मानतो.

दुसरा पर्याय मालकांच्या मनातला २१ मिमीचा. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी एका लहान वर्तुळात घुमते. थ्रो म्हणजे त्या घुमण्याच्या वर्तुळाचा व्यास. थ्रो मोठा तर एका फेरीत जास्त जागा घासली जाते आणि उष्णता पसरते, म्हणून मोठ्या सपाट भागावर हे यंत्र खरोखर वेगाने काम उरकते. त्याला साधारणपणे १५० मिमीची बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटते ती तबकडी, लागते आणि त्यावर तिच्याहून थोडे मोठे पॅड बसते.

तिसरा, १५ मिमी थ्रो आणि १२५ मिमी प्लेटचे यंत्र. सोबत ७५ मिमी प्लेटचे लहान यंत्र घेण्याची सोय. चौथा, सक्तीने फिरणारे ड्युअल अ‍ॅक्शन, ज्यात पॅडचे फिरणे गिअरने बांधलेले असते. जर्मन कंपनी फ्लेक्सचे ८ मिमीचे असे यंत्र या प्रकारात प्रसिद्ध आहे. ते मुरडीवर अडत नाही आणि चांगले कापते. पण हातात जास्त थरथरते, उष्णताही मोकळ्या फिरणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक निर्माण करते.

माझा कल या चौथ्या पर्यायाकडे होता, हे येथे प्रांजळपणे नोंदवतो. मालकांचा रोटरीवर बसलेला हात पाहता त्यांना ते लवकर जमेल असे मला वाटत होते.

निर्णयाचा पहिला टप्पा: काळी रेघ

कागदावर चर्चा पुरे झाली, असे ठरवून आम्ही नाना पेठेतून एका हॅचबॅकचे जुने बॉनेट आणि एक दार विकत आणले आणि ओळखीच्या दोघांकडून २१ मिमीचे व १५ मिमीचे यंत्र दोन दिवसांसाठी मागून घेतले. जुन्या पत्र्यावरचा रंग ग्राहकाच्या गाडीसारखा नसतो, त्यामुळे कापण्याची परीक्षा येथे होणार नव्हती. पाहायचे होते ते एवढेच की पॅड फिरते की नाही.

त्यासाठी एक साधी युक्ती असते. बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढायची. पॅड नीट फिरत असेल तर रेघ पुसट होऊन नाहीशी होते; पॅड अडले की यंत्र गुरगुरत राहते, हाताला थरथर जाणवते आणि रेघ मात्र एका जागी स्पष्ट दिसते. मोकळ्या फिरणाऱ्या यंत्रात पॅडचे फिरणे केवळ मोटरच्या झोकाने होत असते, त्याला कोणी ढकलत नाही. दाब वाढला, यंत्र तिरके झाले किंवा पॅडची एक कड मुरडीवर चढली की ते फिरणे थांबते.

२१ मिमीचे यंत्र बॉनेटच्या मध्यभागी लोण्यातून सुरी जावी तसे गेले. दारावर आणले आणि मुठीखालच्या मुरडीवर चढवले, तोच रेघ दिसू लागली. मालकांनी दाब कमी केला, रेघ पुन्हा पुसट झाली. दोन बोटे खाली सरकले, पुन्हा दिसली. खांबावर तर पॅड अर्धे हवेतच होते. १५ मिमीचे यंत्र त्याच दारावर एकदाच अडले. दुपारपर्यंत २१ मिमीचा विषय संपला आणि तो मी बोलून संपवला नाही, त्या रेघेने संपवला.

राहिला माझा लाडका चौथा पर्याय. त्याला मालकांनीच नकार दिला आणि त्यांचे कारण मला सुचले नव्हते. ते म्हणाले, "मी नसताना हा पोरगा चुकला, तर अडणारं मशीन थांबेल. न अडणारं मशीन चुकीच्या जागीसुद्धा फिरत राहील." मी अडण्याकडे दोष म्हणून पाहत होतो, ते सुरक्षेची सोय म्हणून पाहत होते. नवशिका माणूस दुकानात असताना त्यांचेच म्हणणे बरोबर होते.

पॅडचा प्रश्न

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय येथे झाला. यंत्र ठरल्यावर मालकांनी सहज विचारले, "पॅड तीन घेऊ ना? एक कडक, एक मधलं, एक मऊ." बहुतेक दुकाने असेच करतात, आणि बहुतेक दुकानांचे काम तिसऱ्या दारापाशी बिघडते.

पॅड हे वापरून संपणारे साहित्य आहे, हत्यार नव्हे. काम करताना त्यात कंपाउंड, निघालेला रंग आणि उष्णता साठत जाते. साठलेल्या पॅडचे कापणे कमी होते, म्हणून माणूस नकळत दाब वाढवतो, दाबाने उष्णता आणखी वाढते आणि शेवटी पॅडच्या मध्याचा गोंद सुटतो किंवा वेल्क्रो वितळते. म्हणून प्रत्येक भाग झाला की पॅड ब्रशने किंवा कंप्रेसरच्या हवेने झाडायचे आणि दोन-तीन पॅनेलनंतर ते बाजूला ठेवून दुसरे घ्यायचे. एका हॅचबॅकच्या कटिंगला अशी किमान चार पॅड हाताशी हवीत. ५०,००० रुपयांतले सगळे यंत्रावर गेले असते तर ही चार पॅड कोठून आली असती?

प्रकार निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे पॅडची जाडी. मोठ्या थ्रोच्या यंत्रावर जाड, भुसभुशीत पॅड लावले तर यंत्राची हालचाल पॅडच गिळून टाकते आणि रंगापर्यंत फार थोडी पोहोचते. म्हणून पातळ पॅड निवडली. दुसरी गोष्ट मध्यभागी भोक असण्याची, कारण सर्वाधिक उष्णता तेथेच कोंडते. तिसरी गोष्ट रंगसंकेताची. पॅडच्या रंगाचा सर्व कंपन्यांना लागू असा कोणताही संकेत नाही. एका कंपनीचे निळे पॅड कडक असते तर दुसरीचे मऊ. दोन कंपन्यांची पॅड मिसळली तर घाईच्या दिवशी मुलगा निळे उचलणार आणि चुकीचे उचलणार, हे दिसतच होते. त्यामुळे फोमची सगळी पॅड एकाच कंपनीची घ्यायची, हा नियम ठरला.

मायक्रोफायबर कटिंग पॅड घ्यावीत की नाहीत यावर बराच वेळ गेला. कडक रंगावर ती फोमपेक्षा लवकर कापतात, पण मऊ आणि गडद रंगावर मागे एक धुरकट थर ठेवतात, जो नंतर फोमने काढावाच लागतो. शेवटी दोनच घेतली. एकूण खरेदी अशी झाली: १२५ मिमीसाठी सहा मधली फोम पॅड, चार मऊ, दोन कडक, दोन मायक्रोफायबर, ७५ मिमीसाठी सहा, एक जादा बॅकिंग प्लेट, आणि जाडीमापक. दोन्ही यंत्रे मिळून निम्म्याहून कमी रकमेत बसली, कारण नावाजलेल्या इटालियन कंपनीऐवजी मध्यम किमतीची घेतली. यंत्रातला फरक मोटरच्या आवाजात आणि हाताच्या दुखण्यात जाणवतो, तो ग्राहकाच्या बॉनेटवर सहसा जाणवत नाही. पॅडमधला फरक मात्र तेथेच उमटतो.

एक बारकावा दुकानदारांनी ध्यानात ठेवावा. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रातले आतले वजन ठरावीक आकाराच्या प्लेट-पॅडला तोलण्यासाठी बसवलेले असते. त्यामुळे मोठ्या यंत्रावर लहान प्लेट चढवून दोन यंत्रांचे काम एकात करण्याची जी टूम असते, ती थरथर वाढवते आणि बेअरिंगचे आयुष्य घटवते. लहान यंत्र वेगळे घेण्यामागे हे कारण होते.

प्रत्यक्ष काम

काळी सेडान पुन्हा, मोफत, करायचे मालकांनी आधीच कबूल केले होते. एप्रिल होता. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बॉनेटला हात लावता येत नव्हता आणि अशा पत्र्यावर कंपाउंड अर्ध्या मिनिटात वाळून पांढरी धूळ उडू लागते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी आत घेऊन काम सकाळी सातला सुरू करायचे ठरले. ग्राहकाच्या सोसायटीत टँकरचे पाणी येत असल्यामुळे काचांवर आणि छतावर क्षारांचे ठिपके होते. धुणे, ठिपके काढण्याचे रसायन आणि क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) यांतच दीड तास गेला.

मग दारावर मास्किंग टेपने सुमारे ४५ सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात केली. मऊ फोम आणि बारीक पॉलिशने चमक आली, स्वर्ल राहिले. मधल्या फोमला मध्यम कंपाउंड लावल्यावर बरेचसे गेले. मायक्रोफायबरने सगळे गेले, पण काळ्या रंगावर ढग उतरल्यासारखा धुरकटपणा आला. प्रत्येक चौकोन पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिला. तेल उतरल्याशिवाय निकाल पाहायचा नाही, हा धडा पहिल्या तक्रारीनेच दिला होता. दारांसाठी आणि छतासाठी मधला फोम आणि त्यानंतर मऊ फोम, ही जोडी ठरली.

मुलाला शिकवताना मालकांची पद्धत पाहण्यासारखी होती. कोरड्या पॅडवर कंपाउंड बोटाने सगळीकडे चोळायचे, मग वाटाण्याएवढे चार थेंब ठेवायचे. यंत्र पत्र्यावर टेकवूनच चालू करायचे, नाही तर थेंब भिंतीवर जातात. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर निम्मी चढवायची आणि हात सेकंदाला एक इंच सरकवायचा. हा वेग माणसाला असह्य वाटण्याइतका कमी असतो. मुलगा घाई करू लागला तसे मालकांनी त्याला मनात आकडे म्हणायला लावले आणि नजर पॅडवर न ठेवता प्लेटवरच्या काळ्या रेघेवर ठेवायला सांगितले.

बॉनेटवर, जेथे ७४ आकडा आला होता, तेथे कटिंग करायचेच नाही, केवळ मऊ पॅडने होलोग्राम मिटवायचे, असे ठरले. दोन खोल रेघा राहणार हे उघड होते. गाडी न्यायला आलेल्या गृहस्थांनी, अर्थातच, त्या दोन रेघांवरच प्रथम बोट ठेवले. मालकांनी मापक लावून आकडा दाखवला आणि रेघा काढायला गेलो तर रंगच जाईल, हे समजावले. गृहस्थांनी गाडी उन्हात बाहेर काढायला लावली, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "राहू देत. गाडीचंही वय झालंय."

बंपरची चूक

दुसऱ्या महिन्यात एक अपघात झाला, तोही सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या लहान यंत्राने. एका हॅचबॅकच्या मागच्या बंपरवर घासल्याची खूण होती आणि मुलगा ती काढत होता. खूण जाईना, म्हणून तो तेथेच थांबून राहिला. काही सेकंदांत रुपयाच्या नाण्याएवढा रंग मऊ पडून पॅडबरोबर निघून आला.

याची कारणे नंतर आम्ही मांडली. ७५ मिमीचे पॅड लहान असल्याने सगळी उष्णता लहान जागेत जाते. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही. बंपर आधी गॅरेजमध्ये रंगवलेला होता. कारखान्यात पत्र्यावरचा रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजमध्ये तो फार तर ६० अंशांना वाळवतात आणि खाली प्लास्टिकचा प्रायमर नीट मारलेला नसेल तर पकडही कच्ची असते. आणि जाडीमापक तेथे काहीच सांगू शकत नव्हता. मालकांनी बंपर स्वखर्चाने पुन्हा रंगवून दिला. मुलाचा पगार कापला नाही, ही नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण त्यानंतर मुलगा शंका आल्यावर काम थांबवून विचारू लागला.

निष्पत्ती

पुढच्या सहा महिन्यांत होलोग्रामची एकही तक्रार आली नाही. दिवसाला दोन गाड्यांचे स्वप्न मात्र साकार झाले नाही. पूर्वी एका दिवसात होणारी गाडी आता दीड ते दोन दिवस घेते. मालकांनी दर वाढवला, तेव्हा काही जुने ग्राहक तुटले. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे रांग लागली आणि त्यांनी पहिल्यांदाच काही गाड्या नाकारल्या. दसऱ्यानंतर त्यांतल्या दोन गाड्या बॉनेटवर कुंकवाचे डाग घेऊन परत आल्याच, तो भाग वेगळा.

पॅडचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. मधली सहा पॅड चार महिन्यांत खलास झाली, कारण मुलगा ती धुतल्यावर उन्हात वाळत घालत होता आणि वेल्क्रोचा गोंद सुटत होता. आता ती सावलीत, दोरीवर, तोंड खाली करून टांगलेली असतात.

वेगळे काय करता आले असते

लहान यंत्र पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती द्यायला नको होते. लहान आकार पाहून ते सोपे वाटते. प्रत्यक्षात जागेच्या मानाने तेच जास्त तापवते. बंपरसाठी वेगळा नियम, म्हणजे कमी वेग, मऊ पॅड आणि मध्येच हाताच्या मागच्या बाजूने तापमान तपासणे, हा अपघाताआधीच लिहून भिंतीवर लावता आला असता. स्वस्तातला इन्फ्रारेड तापमापक आम्ही नंतर घेतला. तो पहिल्या यादीत हवा होता.

मायक्रोफायबरच्या दोन पॅडचा निर्णय मला आजही पटत नाही. सहा महिन्यांत ती तीन-चार गाड्यांवरच चढली. त्या पैशांत मऊ फोमची आणखी दोन आली असती.

आणि दर ठरवण्याच्या बाबतीत, जाडी मोजण्याआधी ग्राहकाला शब्द देण्याची सवय मालकांनी उशिरा सोडली. फोनवर "सगळे स्क्रॅच जातील" असे सांगून झाल्यावर मापकाचा आकडा दाखवणे म्हणजे सबब सांगितल्यासारखे वाटते; तोच आकडा आधी दाखवला तर तो सल्ला ठरतो. कोथरूडच्या गृहस्थांनी समजूतदारपणा दाखवला, पुढच्या एकाने दाखवला नाही आणि अर्धेच पैसे दिले.

जुने रोटरी अजून भिंतीवर आहे. पाणपेपर मारलेल्या ताज्या रंगकामासाठी मालक ते स्वतः उतरवतात, मुलाला देत नाहीत. नोंदवहीत गाडीच्या क्रमांकापुढे आता एक नवा रकाना आहे: किती पॅड लागली. मागच्या आठवड्यात चाळली तेव्हा एका काळ्या एसयूव्हीपुढे ११ हा आकडा होता आणि शेजारी मुलाच्या अक्षरात लिहिले होते, "छत गॅरेजचं. कापलं नाही."